वाढत्या शर्टाचं पान

४ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरणीने आज सगळ्यांना एकेक वही वाटली. नवा माणूस आपलं सॉफ्टवेअर वापरताना जे दिसेल ते त्याच दिवशी लिहायचं, उद्यावर ढकलायचं नाही. मालकालाही सूट नाही. मास्तरीण म्हणजे आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आलेली बाई. लोक सॉफ्टवेअर कसं वापरतात ते बघत बसणं, एवढंच तिचं काम. वय माझ्या निम्मं, दरारा माझ्या दुप्पट. हे नाव मीच ठेवलं आणि तिला ते ठाऊक आहे.

तर लिहितो. दुकानांच्या पाट्या रंगवत मी मोठा झालो. ब्रश गेला, छापील फलक आले. फलक मागे पडले, वेबसाइट आल्या. दर वेळी बुडता बुडता पुढच्या होडीत उडी मारली. आता बारा माणसं हाताशी घेऊन असं सॉफ्टवेअर करतो, की कुणाही दुकानदाराला आपलं पान आपणच लिहून इंटरनेटवर प्रसिद्ध करता यावं. हे आमचं म्हणणं. आकड्यांचं म्हणणं वेगळं. नव्याने येणाऱ्या शंभरांतले एकाहत्तर पहिल्याच स्क्रीनवरून माघारी जातात.

माझी पाटी वाचून गिऱ्हाईक पायरीवरूनच पळत असतं, तर दुकानदाराने माझ्या डोक्यावर रंगाचा डबा उपडा केला असता.

६ फेब्रुवारी

पहिला नवा माणूस आला: बाजारातला कुलूपवाला. मास्तरणीचा नियम असा, की आपण मागे स्टूलावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्याने काही विचारलंच, तर ‘तुम्हांला काय वाटतं?’ एवढंच म्हणायचं. मदत केली की खेळ संपला, कारण घरी त्याच्या मागे आपण बसलेले नसणार.

आमच्या पहिल्या स्क्रीनवर पानांचे चाळीस नमुने आहेत, वर खातं उघडायचा फॉर्म. कुलूपवाला चौदा मिनिटं फॉर्मवरच होता. जगातली कुलपं उघडणारा माणूस आमच्या दारात अडकला. मी स्टूलाची कड दाबून बसलो होतो. ‘अहो, खाली सरका’ एवढे तीन शब्द. तेवढेही गिळून टाकले.

एक मात्र कळलं. मला स्क्रीन बघायची गरजच नाही, माउसच्या आवाजावरून कळतं. एक ठाम टिचकी म्हणजे माणसाला रस्ता माहीत आहे. टकटकटक म्हणजे राग. आणि आवाजच नसेल, तर माणूस हरवलाय.

आमच्या मुख्य प्रोग्रामरला हे सांगितलं. तो ‘हूं’ म्हणाला. तो सगळ्यालाच हूं म्हणतो, म्हणून त्याला हूंकार म्हणतात. पण त्याचे हूं पाच प्रकारचे आहेत आणि मला पाचही ओळखू येतात. हा ‘काम वाढवलंत’वाला होता.

१३ फेब्रुवारी

आज अक्का. माझी थोरली बहीण. चौदा वर्षांनी थोरली म्हणजे आईच म्हणायची, आणि खरोखर तसंच होतं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. तिने शिवणयंत्रावर मला वाढवलं. तिच्या खडूने कापडाच्या चिंध्यांवर अक्षरं काढत मी पाटीवाला झालो. शिवणवर्ग ती अजून चालवते. बाहत्तरी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.

तिनेच फोन केला होता. तिला वर्गाचं पान हवंय. त्यावर सगळी मापं लिहायची आहेत, शेवटी ‘वाढता शर्ट’. ही तिची स्वतःची करामत. मुलाच्या शर्टाच्या बाहीत आणि खालच्या घेरात ती कापडाची अशी दुमड चेपून ठेवते, की बाहेरून पत्ता लागत नाही. पोर वाढलं की आतली एक टीप उसवायची, शर्ट लांब. एक शर्ट चार वर्षं. दुमड कुठे आणि किती, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. वर्गात शेवटच्या दिवशी हाताने दाखवायची, लिहून कधी दिलं नाही. बायका घरी जाऊन विसरायच्या आणि पुन्हा यायच्या. ‘येऊ देत की,’ ती म्हणायची. गिऱ्हाईक टिकवायचं हे तंत्र शिकवायला लोक आता वर्ग घेतात.

मी म्हटलं, वहीत लिही ना. म्हणाली, लिहिली होती वही, फार जपून ठेवलीय. कुठे, ते आठवत नाही. मी हसलो. माझ्या चष्म्याचं तेच आहे.

मास्तरणीने तिला खुर्चीवर बसवलं, मी स्टूलावर. फॉर्म पाहून अक्का मागे वळली.

‘आता काय करू रे, बुटक्या?’

सगळ्या कंपनीसमोर बुटक्या. मी नियमाने म्हणालो, ‘तुला काय वाटतं?’

‘मला वाटत असतं, तर तुला विचारलं असतं होय?’

हूंकारसुद्धा हसला. पान झालं नाही. जाताना जिन्यात माझा हात धरून म्हणाली, ‘हे लवकर कर हं. लवकर व्हायला हवं.’ घाई तिच्या पाचवीला पुजलेली. मी जन्मलोही तिच्या मते उशिराच.

२० फेब्रुवारी

अक्काला पुन्हा बोलावलं. एकदा येऊन गेलेला माणूस सरावलेला असतो, तो परीक्षेला चालत नाही, असं मास्तरणीचं म्हणणं होतं. पण अक्का बसली ती पहिल्यांदाच बसल्यासारखी. तोच फॉर्म पाहिला, तिथेच थबकली, मागे वळून तोच प्रश्न विचारला. ‘आता काय करू रे?’

मी खूश. बाहेर येऊन मास्तरणीला म्हटलं, बघा, आठवड्यात काही म्हणजे काही लक्षात राहिलं नाही. म्हणजे आपली स्क्रीन किती वाईट असेल! अशी परीक्षक शोधून सापडणार नाही, दर वेळी नवी कोरी.

मास्तरणीने वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

३ मार्च, सोमवार

निर्णय घेतला. दारच काढून टाकायचं. खातं नको, फॉर्म नको, चाळीस नमुने नकोत. सॉफ्टवेअर उघडलं की समोर कोरा कागद आणि वर एक ओळ: ‘इथे लिहा.’ नाव, फोन, पासवर्ड हे सगळं शेवटी, पान प्रसिद्ध करताना. सायकलवरून जाणाऱ्याला तीन सेकंदांत वाचता येते ती पाटी, हे मी सोळाव्या वर्षी शिकलो होतो. मधे कुठे विसरलो कोण जाणे.

हूंकारने आज पहिल्यांदा पूर्ण वाक्य उच्चारलं. म्हणाला, दार काढलं तर परत आलेल्या माणसाला ओळखायचं कसं? त्याचं अर्धं पान त्याला द्यायचं कसं? मी म्हटलं, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आधीचं पान’ ठेव. ज्याला हवं तो शोधेल. नवा माणूस गोंधळता कामा नये.

‘हूं.’ हा सहावा प्रकार होता. ओळखता आला नाही.

१२ मार्च

नवी स्क्रीन सुरू होऊन आठवडा झाला. एकाहत्तरचे चव्वेचाळीस. मी मास्तरणीला टेबलावर चढून सलाम ठोकला. ती म्हणाली, आधी उतरा.

संध्याकाळी ऑफिसातला एक लॅपटॉप घेऊन अक्काकडे गेलो. तूच ह्या स्क्रीनची गुरू, म्हटलं, पहिला मान तुझा. तिने बसल्या बसल्या दहा ओळी लिहिल्या. खांदा, छाती, बाही जोडायचा मुंढा, सगळी मापं धडाधड. माउसचा आवाज एकदम ठाम. दुमड मात्र शेवटी लिहीन म्हणाली, तो मानाचा पदार्थ.

तिच्या स्वयंपाकघरात गंमत पाहिली. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी: चमचे, काड्यापेटी, औषध सकाळचं. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘गॅस? किल्ली?’ अक्षर सुरेख, शब्द मोजके, जागा अचूक. मी म्हटलं, अक्का, तू आमच्याच धंद्यात यायला हवी होतीस. ती हसली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. चहा आम्ही नुकताच घेतला होता. पाहुणचारात तिचा हात कोण धरणार? पुन्हा घेतला.

१४ मार्च

बायको म्हणते, अक्कांचा सकाळपासून तीनदा फोन आला, तिन्ही वेळा लॅपटॉप कसा छान आहे ते सांगायला. मी म्हटलं, समाधानी गिऱ्हाईक असंच बोलतं. ती माझ्याकडे बघत राहिली. ह्या घरात आणि ऑफिसात बायका हल्ली माझ्याकडे नुसत्या बघतात.

२५ मार्च

हूंकारने एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. एका लॅपटॉपवरून रोज कुणीतरी नवं पान सुरू करतं, अर्ध्यावर सोडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं पान. ‘आधीचं पान’ला एकदाही हात लावलेला नाही. नव्या माणसांच्या आकड्यात हा एकटाच रोज भर घालतोय.

मी लगेच ओळखलं. दुसरी कंपनी आपली स्क्रीन चोरायला बसलीय. लक्ष ठेव, म्हटलं. हूंकारने तोंड उघडलं, मास्तरणीकडे पाहिलं आणि मिटलं.

२८ मार्च

मास्तरीण केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं. म्हणाली, अक्कांच्या नोंदी मी हिशेबातून बाजूला काढल्यात, त्या धरता येणार नाहीत. मला राग आला. ज्या बाईमुळे सत्तावीस माणसं वाचली तिचीच नोंद बाद? मी म्हटलं, वय झालंय म्हणून का? म्हातारी माणसं आपली गिऱ्हाइकं नाहीत?

ती म्हणाली, ‘बघणाऱ्याने बोलायचं नाही, हा नियम मीच केला. माझी आजी अशीच होती, साहेब.’

मी म्हटलं, अशी म्हणजे हुशारच असणार. तेवढ्यात फोन वाजला, मी तो घेतला. ठेवला तेव्हा ती गेलेली होती.

२ एप्रिल, बुधवार

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्या ‘चोरा’ची पानं, तारखेप्रमाणे लावलेली. एकोणीस. मास्तरीण आणि हूंकार दाराशी उभे होते, कुणी आत येईना.

पहिल्या पानाचं नाव ‘माझा शिवणवर्ग’. तारीख बारा मार्च, दहा ओळी, ज्या मी तिच्या शेजारी बसून पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचं पान: ‘माझा शिवणवर्ग’, नऊ ओळी. नंतर पुन्हा नऊ. मग आठ, त्यात मुंढा दोनदा. एका पानावर खांद्याचं माप लिहून खोडलंय, वेगळं लिहिलंय, तेही खोडलंय. पंधराव्या पानावर तीन ओळी आणि खाली ‘बुटक्याला विचारणे’. एकोणिसाव्यावर फक्त नाव. ‘माझा शिवण’.

एकाही पानावर दुमड नाही. ती शेवटी लिहायची होती ना. रोज ती पहिल्यापासून सुरू करायची, आणि शेवट येण्याआधी दिवस संपायचा.

तिला तिचं कालचं पान परत मिळालं असतं, तर अकराव्या ओळीपासून लिहिता आलं असतं. खात्याचं दार होतं तेव्हा ते मिळायचं. दार मी काढलं. कोरा कागद मी दिला, रोज, ‘इथे लिहा’ असं नम्रपणे सांगून.

फेब्रुवारीपासूनची ही वही वाचली. सगळं लिहिलेलं आहे. जिन्यातला हात, चहा, चिठ्ठ्या. एवढे तिखट कान माझे.

३ एप्रिल

अक्काला फोन केला. ‘कोण? बुटक्या? अरे, तुझं ते सॉफ्टवेअर आण ना एकदा, मला एक पान करायचंय.’

आणतो म्हटलं.

५ एप्रिल

मी आणि बायको तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला नावाने हाक मारली. डिसेंबरपासून येतायत त्या, एकट्या येतात, म्हणाले. शिवणयंत्राच्या खणात फाइल होती, वर चिठ्ठी: ‘डॉक्टर’.

रिक्षात विचारलं, मला का नाही सांगितलंस? आज ती अगदी पहिल्यासारखी होती, डोळे लख्ख.

‘तुला सांगितलं असतं, तर तू गावभर पाटी लावली असतीस.’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘म्हटलं, तेवढं पान होऊन जाऊ दे आधी.’

गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी काय होईल असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, विसरणं जरा हळू वाढेल. पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते पुढचं नाव पुकारायला लागले.

९ एप्रिल

हूंकारने दोन दिवस न सांगता बसून काम केलं. आता अक्काचा लॅपटॉप उघडला, की सरळ तिचंच पान समोर येतं. एकोणीस पानांतून मास्तरणीने एक पान जुळवलं, पहिल्याचा मुंढा, चौथ्याचा गळा, जशा चिंध्या जोडून गोधडी करावी. शेवटी ‘वाढता शर्ट’ आणि खाली रिकामी जागा. सगळ्यांसाठीही आता ‘आधीचं पान’ मधोमध, ठळक अक्षरांत आहे. माघारी जाणाऱ्यांचा आकडा दोनने वाढला. वाढू दे.

अक्काने पान वाचलं. ‘कुणी लिहिलंय रे? बाई जाणकार दिसते. मुंढा अगदी बरोबर धरलाय.’

मी म्हटलं, दुमड तेवढी राहिलीय. किती ठेवायची, अक्का?

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. माउसचा आवाज नाही. बोटं मांडीवर कापड चाचपल्यासारखी हलत होती. मग मला म्हणाली, गोड हसून, वर्गातल्या बाईला म्हणावं तसं:

‘तुला काय वाटतं?’

मला काय वाटत असणार? लहानपणी मी ते शर्ट फक्त घातलेत. दर वर्षी एक टीप उसवायची वेळ आली की ती मला दाराच्या चौकटीला उभं करायची, आणि टीप तशीच ठेवायची. मी वाढलोच नाही फारसा.

तिच्या दोन जुन्या विद्यार्थिनींना फोन केला. दोघींनी वेगवेगळं सांगितलं. दोघी म्हणाल्या, अक्कांनाच विचारा ना.

१३ एप्रिल, रविवार

दुपारी आम्ही दोघं अक्काकडे. लॅपटॉप नेला होता, पण विचारायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती. मला कळलंही नव्हतं, तिला दारातच दिसलं.

‘हे काय ध्यान? चढ बरं.’

स्टूलावर चढलो. अठ्ठावन्न वर्षांचा, बारा माणसांचा मालक. तिने गळ्यातली टेप काढली, तोंडात टाचण्या धरल्या आणि मापं घ्यायला लागली. आकडे मोठ्याने म्हणत होती, वर्गात कुणी तरी लिहून घेत असल्यासारखे. बायकोने आवाज न करता लॅपटॉप उघडला आणि लिहून घ्यायला लागली. खांदा. छाती. मुंढा. एकही चुकला नाही, मी मनात पडताळत होतो. माप तिच्या डोक्यातून गेलं असेल, हातातून गेलेलं नव्हतं.

मग तिने माझी डावी बाही कोपराच्या वर चिमटीत धरली, कापड आत चेपलं, टाचणी मारली.

‘इथे दोन बोटं. आतून. बाहेरून दिसता कामा नये.’

हीच ती दुमड. ती फिरून उजव्या बाहीला आली, तसंच चेपलं.

‘इथे तीन.’

दोन की तीन? बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही बाह्या सारख्याच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. की लिहिणाऱ्या हाताची बाही जास्त वर चढते, म्हणून एक बोट जादा, असं काही होतं? तिने सगळं कशासाठी तरीच केलेलं असायचं. विचारलं असतं तर ती थांबली असती, आणि मग तिला तेही आठवलं नसतं. मी तोंड मिटून ठेवलं. दोन महिन्यांत तो नियम मी आज पहिल्यांदा नीट पाळला.

‘घेराला चार. दर वर्षी एक टीप उसवायची. एकदम नाही. पोर एकदम वाढत नसतं.’

बायकोने लिहिलं: डावीला दोन, उजवीला तीन, घेराला चार. मग अडली आणि हळूच म्हणाली, बोटं कुणाची? बरोबर होतं. पानावर बोटं कशी लिहायची? मी स्टूलावरूनच अक्काच्या हातातली टेप घेतली आणि तिच्या दोन बोटांवर धरली. पूर्वी ही बोटं केवढी वाटायची. सव्वा इंच.

बायकोने ‘प्रसिद्ध करा’ दाबलं. स्क्रीनवर मीच कधीकाळी लिहिलेली ओळ आली: ‘अभिनंदन! तुमचं पहिलं पान जगासमोर आहे. आता पुढे काय?’

खाली तीन पर्याय असतात. मीच ठरवलेले. बायकोने लॅपटॉप मिटला.

मी उतरायला पाय खाली टाकला, तर अक्काने दंडाला धरून थांबवलं. तोंडातली शेवटची टाचणी काढली, बाही सारखी केली, जरा मागे सरून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

‘उभा राहा नीट. ढगळ होतोय म्हणून रडायचं नाही. अजून वाढायचा आहेस तू.’

ती उतर म्हणेपर्यंत मी स्टूलावरून उतरलो नाही.